छोटे दोष दाखवून मोठा दोष झाकतात: जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांसाठी

जुनी गाडी विकणारा एजंट दोष लपवतो, असं आपण धरून चालतो. मला भेटलेल्या एजंटने दोष स्वतःहून दाखवले, एकेकावर बोट ठेवून, आणि त्यापोटी भावही उतरवला. त्या सगळ्यांच्या आड जो एक दोष होता, ज्यामुळे गाडीची किंमत पार तळाला जायला हवी होती, त्याचा मात्र उच्चारही केला नाही. नंतर या धंद्यातल्या लोकांशी बोललो तेव्हा समजलं की ही ठरलेली रीत आहे. दिल्लीहून आलेल्या महागड्या गाड्या आपल्याकडे अशाच विकल्या जातायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी पोर्शे बॉक्स्टर. २००८ची बनावट, सप्टेंबर २००९ला दिल्लीत नोंदलेली, २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन सीट, कापडी छत. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा या प्रकरणात काहीही दोष नाही, हे आधीच सांगतो. पण या गाडीची रचना लक्षात ठेवा, कारण फसवणाऱ्याला तिची मदत होते. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध असतं. पुढचं बॉनेट उघडलं की सामानाची जागा, मागची डिकी उघडली की तिथेही सामानाचीच जागा. इंजिन डोळ्याला दिसत नाही. ऑइल आणि कूलंट भरायची झाकणं दिसतात, तेवढंच. एरवी बॉनेट उघडून आपण जो अंदाज बांधतो, तो इथे बांधता येत नाही.

फेब्रुवारी २०२४. पुण्याबाहेरच्या एका शेडमध्ये गाडी उभी होती. एजंट चाळिशीचा, बोलायला मऊ. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "सर, मी लपवून विकत नाही. या गाडीला पाच दोष आहेत, मीच सांगतो. मग तुम्ही ठरवा." आणि खरंच सांगितले. छताला मागच्या काचेजवळ शिवणीवर चीर. मागचे टायर गोटे झालेले. ब्रेकच्या डिस्कना कड आलेली. माझं बोट धरून त्याने ती कड मला चाचपायला लावली. पुढचा बंपर एकदा रंगवलेला. एसी म्हणावा तसा गार करत नाही.

मग स्वस्त का, याचं कारणही त्यानेच दिलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला बंदी आली होती. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. या गाडीला सप्टेंबरमध्ये १५ वर्षं पूर्ण होणार होती. त्यामुळे तिकडचे मालक एनओसी, म्हणजे आरटीओचं ना-हरकत पत्र, घेऊन गाडी दुसऱ्या राज्यात काढत होते आणि भाव पडत होता. मी हे तपासून पाहिलं, ते बरोबर निघालं. कमी किमतीचं एक खरं कारण हाती आलं की माणूस दुसरं कारण शोधत नाही, आणि एजंटला हे पक्कं ठाऊक असतं.

त्याची मागणी २१ लाखांची होती. पाच दोषांवर घासाघीस होऊन १७ लाख ७५ हजारांवर सौदा ठरला. लिफ्टवर चढवून गाडी खालून बघायची म्हटलं, तर "टोकन झालं की चढवू" असं उत्तर. मेकॅनिकची ओळख त्यानेच स्वतंत्र माणूस म्हणून करून दिली होती. तो त्याच्याच पगारावर होता, हे फार नंतर उघड झालं. त्या मेकॅनिकने गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, एकही एरर कोड नाही असं दाखवलं, आणि "पुराची वगैरे नाही ना?" या माझ्या व्हॉट्सॲपवरच्या प्रश्नाला एजंटने "१००% क्लीन गाडी आहे सर" असं लेखी उत्तर दिलं. तो मेसेज आज माझ्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद आहे.

उन्हाळाभर गाडी चालली. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी चावी ओळखेना. मग रात्री-अपरात्री अलार्म वाजू लागला, काचा आपोआप खाली जाऊ लागल्या, एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. एका जुन्या, जर्मन गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी स्कॅनरला हातही लावला नाही. आधी ड्रायव्हरकडचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत, आणि मुळाशी शिवलेलं लेबल वाचलं. बेल्ट २०२३ मध्ये बनलेला. गाडी २००८ची. "मालक, चांगला बेल्ट कोणी बदलत नाही," एवढंच म्हणाले.

मग सीट काढली. सीटचे बोल्ट कोरे करकरीत, आणि ते ज्या रुळावर बसतात तो रूळ तांबेऱ्याने खाल्लेला. गालिचा वरून स्वच्छ, शांपूचा वास येणारा. तो उचलल्यावर खालचा जाड फोम पिळला तर पाणी आलं. ते पाणी वळवाचं असू शकतं. या गाडीत छताचे पाणी जायचे मार्ग पानांनी तुंबले की पाणी आत उतरतं आणि आतलं कंट्रोल युनिट भिजतं, हे जाणकारांना माहीत आहे. पण फोमच्या खालच्या बाजूला करड्या, पिठासारख्या बारीक गाळाचा थर होता. पावसाच्या पाण्यातून गाळ येत नाही. कंट्रोल युनिटच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. मिस्त्रींनी डॅशबोर्डखालची एक वायर उघडून दाखवली, तिच्या आतलं तांबं काळं झालेलं. म्हणजे पाणी सीटच्याही वर चढलं होतं.

चेसिस नंबरावरून दिल्लीतल्या वर्कशॉपमधली नोंद मिळवायला बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या. मिळाली तेव्हा सगळं स्पष्ट झालं. जुलै २०२३ मध्ये गाडी टो करून आली होती, "पाण्यात बुडालेली" असा शेरा, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, आणि विमा कंपनीने टोटल लॉस धरल्याची नोंद. त्या महिन्यात १३ तारखेला यमुना २०८.६६ मीटरवर गेली होती, १९७८चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला होता. रिंग रोड, सिव्हिल लाइन्स, काश्मिरी गेट, सगळीकडे पाणी. त्या पाण्यात किती गाड्या उभ्या असतील, आणि त्या पुढे कुठे गेल्या असतील, याचा विचार कोणी खरेदीदार करतो का? मी केला नव्हता, आणि माझ्या ओळखीतल्या कोणीही केला नव्हता.

टोटल लॉसचं गणित असं असतं: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी मालकाला पैसे देऊन मोकळी होते आणि गाडी भंगार म्हणून बोलीवर विकली जाते. ती बोली लावणं हा गुन्हा नाही. सुटे भाग काढून विकणारे लोक ती घेतात, त्यांचं पोट त्यावर चालतं. पण तीच गाडी धुऊन, गालिचे शांपू करून, बेल्ट बदलून, एरर कोड पुसून "पाच दोष आहेत सर" म्हणत विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे. यात जिवाशी खेळ आहे. पाण्यात बुडालेल्या एअरबॅगच्या वायरिंगवर माझी बायको बाजूच्या सीटवर बसत होती. पैशांपेक्षा याचा संताप मला जास्त येतो.

आता भावाबद्दल. आपण ऑफर ठरवताना एजंटच्या मागणीपासून खाली येतो. हे पहिलं पाऊलच त्याच्या सोयीचं असतं. माझं गणित नव्याने मांडतो. तेव्हा तशीच, महाराष्ट्र पासिंगची, पूर्ण इतिहास असलेली गाडी २३ लाखांच्या आसपास मिळत होती. टायर फक्त मागचे गेले असले तरी चारही बदलायचे, पुढे २३५ आणि मागे २६५ रुंदीचे, तर दीड लाख. छत सव्वादोन लाख. डिस्क आणि पॅड एक लाख. वर राज्याचा रोड टॅक्स, आणि १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण. आयात केलेल्या चारचाकीला त्याची फीच तेव्हा ४० हजार होती. बेरीज करून वजा केलं की १७ लाखांच्या आसपासच येता. म्हणजे घासाघीस करून मिळवलेली सव्वातीन लाखांची सूट ही सूट नव्हतीच. दिसणाऱ्या दोषांसकट त्या गाडीची ती साधी, सरळ किंमत होती. न दिसणाऱ्या गोष्टींसाठी त्यात एक रुपयाही धरलेला नव्हता.

म्हणून गाडी बघायला जाण्यापूर्वी कागदावर दोन आकडे लिहा. पहिला, सर्व्हिसची आणि विम्याची सलग कागदपत्रं मिळाली तर द्यायचा. त्यातून दिसणारे दोष वजा करा. दुसरा, कागद नसतील तर द्यायचा, आणि तो सुट्या भागांचा भाव असू द्या. माझ्या गाडीचे भाग काढणारा आज पाच लाखांच्या वर जायला तयार नाही. या दोन आकड्यांच्या मधला तिसरा आकडा नसतो. "कागद जुन्या मालकाकडे राहिले, पण पन्नास हजार अजून कमी करतो" असं कोणी म्हणाला तर त्या पन्नास हजारांत तो तुम्हाला अख्खा इतिहास विकत असतो.

कागदांत सगळ्यात बोलका कागद विम्याचा. मला दिलेली पॉलिसी नोव्हेंबर २०२३ पासूनची होती, आणि फक्त थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान न भरणारी. वीस लाखांच्या गाडीला कोणी नुसता थर्ड पार्टी विमा काढतो का? आधीच्या वर्षाची पॉलिसी मागा, आणि तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, किती आहे ते बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. "कधीच क्लेम नाही" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर शून्य असेल, तर खुलासा मागा. आणि पॉलिसी मध्येच थांबून नवी सुरू झाली असेल, तर त्या खंडाच्या आधी त्या गावात पूर आला होता का, ते शोधा. चेन्नई डिसेंबर २०१५, कोल्हापूर-सांगली २०१९, दिल्ली जुलै २०२३. तारखा सहज सापडतात.

स्कॅनरच्या रिकाम्या यादीवरही विश्वास ठेवू नका. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या "अपूर्ण" दाखवतात आणि गाडी बऱ्यापैकी चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरवर ते पान उघडायला सांगा. या पोर्शेच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं तेही साठवलेलं असतं. मीटरवरच्या किलोमीटरला त्या तासांनी भागा. सरासरी वेग दिल्लीच्या रहदारीत शक्यच नाही इतका कमी निघाला, तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो. मेकॅनिक तुमचा, लिफ्ट तुम्ही ठरवाल त्या गॅरेजची, आणि हे सगळं टोकनच्या आधी.

एजंटने पावती आधीच्या मालकाच्या नावाने केली होती, "मी फक्त मध्यस्थ" म्हणायला मोकळा राहावा म्हणून. पैसे मात्र त्याच्या फर्मच्या खात्यात गेले होते, तेच आता उपयोगी पडतंय. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची माहिती फॉर्म २९सी भरून पोर्टलवर द्यावी लागते. याच्याकडे दोन्ही नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे; ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तिथे चालते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. एका खासगी माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर हा मार्ग सहसा मिळत नाही, म्हणून पैसे कोणाच्या खात्यात जातायत याकडे लक्ष द्या. पोलिसांत फसवणुकीचा वेगळा अर्ज दिला आहे. निकाल अजून लागायचा आहे.

तुमच्यापैकी कोणी आत्ता अशा गाडीच्या टोकनवर येऊन थांबला असेल, तर एजंटला एक ओळ लिहून मागा: ही गाडी पाण्यात बुडालेली नाही, मोठ्या अपघातातली नाही, कोणत्याही विमा कंपनीने टोटल लॉस धरलेली नाही. त्याच्या फर्मच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. चेसिस नंबर त्यात असू द्या.