शनिवारवाड्याशेजारी बांधकाम? आधी नोआप्स

संरक्षित स्मारकाजवळच्या बांधकामाच्या ना-हरकत दाखल्यासाठीची राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची ही ऑनलाइन सेवा. संकल्पना उत्तम, पण अर्ज अडतो तो मोजणीतच.

अंतर वास्तूच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून धरतात. तिथून 100 मीटर प्रतिबंधित: नवे बांधकाम नाहीच, फक्त दुरुस्ती-नूतनीकरण. पुढचे 200 मीटर नियंत्रित, तिथे परवानगी मिळू शकते. शनिवारवाड्याभोवतीच्या कित्येक जुन्या वाड्यांचा पुनर्विकास याच 100 मीटरने रोखला आहे.

प्लॉटचे कोपरे 'स्मारक' या इस्रोने बनवलेल्या मोबाइल अ‍ॅपवर नोंदवता येतात. सोय खरंच झकास, मात्र कसबा पेठेच्या बोळांत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवरून परावर्तित होतो आणि बिंदू काही मीटर सरकतो. हद्दीलगतचा प्लॉट प्रतिबंधित भागात दिसायला तेवढं पुरतं! म्हणून भूमापन खात्याचा मोजणी नकाशा हाताशी ठेवाच. उंची लिहिताना जिन्याची खोली, पाण्याची टाकी धरून लिहा, तळघराची खोलीही.

कायद्यातली मुदत: सक्षम अधिकारी 15 दिवसांत अर्ज पुढे पाठवणार, प्राधिकरण 2 महिन्यांत आपली शिफारस कळवणार, मग महिन्याभरात सक्षम अधिकाऱ्याचा निर्णय. बिल्डरशी करार करताना हे साडेतीन महिने धरूनच तारखा टाका.