राखेतला स्फुरद सोडवायला कोणतं आम्ल?

कोंबडखत जाळलं की त्यातला नत्र हवेत जातो. स्फुरद (फॉस्फरस) राखेत राहतो, पण बहुतांशी कॅल्शियमला घट्ट धरून. जमीन आम्लधर्मी असेल तर आम्लाच्या वाटेलाच जाऊ नका. राख बारीक करून मातीत मिसळली की स्फुरद हळूहळू सुटतो. चुनखडीच्या जमिनीत तो बहुतांशी तसाच पडून राहतो, तिथे आम्ल कामाला येतं.

त्याआधी राख साध्या पाण्याने धुवा. पालाश आणि क्लोराइड पाण्यात उतरतात आणि पालाश वेगळा हाती लागतो. हे अनेक जण विसरतात, याची मला खरंच हळहळ वाटते.

आता आम्लं. माझ्या मते निवड एकाच गोष्टीवर ठरते: सुटलेल्या कॅल्शियमचं करायचं काय?

सल्फ्युरिक आम्लात कॅल्शियमचा जिप्सम होऊन खाली बसतो आणि वरच्या द्रावात फॉस्फोरिक आम्ल उरतं. रासायनिक हिशेबाने १ किलो स्फुरदामागे (मूलद्रव्य P धरून, P₂O₅ नव्हे) साधारण ५.३ किलो शुद्ध आम्ल लागतं आणि ९ किलोहून जास्त जिप्सम निघतो. राखेत कार्बोनेट असेल तर आम्ल आणखी खर्च होतं, फेसही उसळतो. खरी मेहनत गाळण्यात आहे. स्फटिक बारीक राहिले तर गाळणी तुंबते आणि साक्यात अडकलेला स्फुरद धुऊन काढावा लागतो. तरीही जिप्सम खपवायची सोय असेल तर मी हेच निवडेन.

हायड्रोक्लोरिक आम्ल त्याच हिशेबाने ३.९ किलो पुरतं आणि साका कमी उरतो. पण कॅल्शियम स्फुरदासोबत द्रावातच राहतं. चुना घालून डायकॅल्शियम फॉस्फेट खाली बसवता येतं, मात्र क्लोराइडचं पाणी मागे उरतं आणि स्टीलची भांडी गंजतात.

नायट्रिक आम्ल सुमारे ६.८ किलो लागतं आणि महागही पडतं, पण त्यातला नत्र खतातच राहतो. द्रवखत बनवायचं असेल तर ते मोलाचं. सायट्रिक आम्ल सौम्य असलं तरी मोठ्या कामाला परवडत नाही.

कोंबड्यांच्या खाद्यातलं जस्त आणि तांबं राखेत साचतं. यातलं कोणतंही आम्ल वापरलं तरी त्यातला काही भाग द्रावात येतोच. म्हणून आधी १०० ग्रॅम राखेवर प्रयोग करा, आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही, आणि द्राव प्रयोगशाळेत तपासून मगच मोठी टाकी भरा.