समरकंदाच्या नावाची पुस्तके : आधी कोणते वाचावे?

समरकंद हे आजच्या उझबेकिस्तानातल्या जुन्या शहराचे नाव मुखपृष्ठावर असलेली पुस्तके शोधू लागले की पहिला गोंधळ उडतो तो विषयाचा. उमर खय्यामच्या हस्तलिखिताभोवती फिरणारी कादंबरी, चीनच्या थांग राजवटीत परदेशांतून येणाऱ्या वस्तूंचा अभ्यास, मध्य आशियातल्या स्वयंपाकाचे पुस्तक, वोले सोयिंका यांचा कवितासंग्रह, सिकंदराचा सेनापती सेल्युकस याच्या घराण्याच्या साम्राज्याचा इतिहास आणि पॅट्रिक ओब्रायन यांची १९५४ सालची साहसकथा, या सर्वांनी एकाच शहराचे नाव घेतले आहे आणि त्यांतल्या बहुतेकांचा मुक्काम प्रत्यक्ष त्या शहरात फार थोडा वेळ असतो. बाबराने तरुणपणी जिंकलेले आणि पुन्हा पुन्हा गमावलेले हे शहर इतिहासाच्या वाचनातून ज्याच्या मनात भरले आहे, आणि ज्याला आता त्यासाठी एकच पुस्तक विकत घ्यायचे आहे, त्याने कोणते निवडावे, हा प्रश्न मलाही पडला होता. माझ्यापुरते उत्तर मला मिळाले आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही, पण त्यामागचे कारण सांगितल्यास निवड करणाऱ्याला उपयोग होईल असे वाटते.

काही पुस्तके लवकर बाजूला ठेवता येतात, ती कमी दर्जाची आहेत म्हणून नव्हे, तर ती वेगळ्या कामाची आहेत म्हणून. सुझन शर्विन-व्हाइट आणि अमेली कुर्ट यांच्या १९९३ च्या ग्रंथात समरकंद हे सेल्युकिड साम्राज्याचे पूर्वेचे टोक आणि सार्डिस हे पश्चिमेचे टोक म्हणून शीर्षकात आले आहे. हे साम्राज्य भूमध्य समुद्राच्या काठावरून न पाहता बाबिलोन आणि इराणच्या बाजूने पाहावे, हा लेखिकांचा आग्रह त्या दोन नावांतूनच कळतो. ग्रंथ मोलाचा आहे, मात्र तो अभ्यासकाचा आहे. सोयिंका यांच्या २००२ च्या संग्रहात समरकंद हा कवीने पाहिलेल्या अनेक बाजारांपैकी एक आहे, आणि तिथल्या कवितांचे मन बरेचसे नायजेरियात गुंतलेले आहे. जेम्स एलरॉय फ्लेकर या इंग्रज कवीने १९१३ मध्ये समरकंदाच्या सोनेरी वाटेवर कविता लिहिली. तो उस्मानी मुलखातल्या ब्रिटिश वकिलातींत नोकरीला होता आणि १९१५ मध्ये दाव्होस येथे क्षयाने वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. समरकंद त्याने कधीही पाहिले नव्हते. तरीही या नावावर इंग्रजी वाचकाच्या मनात जी झळाळी चढली, तिच्यात त्याचा वाटा मोठा असावा.

पाककृतींच्या पुस्तकाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण अनेकांची निवड तिथेच होईल. कॅरोलाइन ईडन आणि एलेनॉर फोर्ड यांच्या २०१६ च्या पुस्तकाचे नाव 'समरकंद' एवढेच आहे, पण उपशीर्षकात मध्य आशिया आणि कॉकेशस हे दोन्ही प्रदेश स्पष्टपणे नोंदवले आहेत, त्यामुळे वाचकाची फसगत होत नाही. पाककृतींच्या मधे मधे प्रवासाचे लेख आहेत आणि ते केवळ जागा भरण्यासाठी लिहिलेले नाहीत. समरकंदी पद्धतीचा पुलाव, ज्याला तिकडे प्लोव म्हणतात, मी घरी करून पाहिला आहे. मांस, कांदा आणि जाड उभी चिरलेली गाजरे तळाशी, त्यांवर तांदूळ, आणि शेवटपर्यंत ढवळायचे नाही. पाणी आटत आले की चमच्याच्या दांड्याने भातात तळापर्यंत भोके पाडून वाफेला वाट करून द्यायची. ताटात वाढतानाही थर मोडत नाहीत: खाली भात, त्यावर गाजर, त्यावर मांस. जिऱ्याचा वास आपल्या ओळखीचा असल्यामुळे हे जेवण परके वाटत नाही, आणि गाजराचा गोडवा भातात उतरलेला असतो तो घास शहराविषयी बरेच काही सांगून जातो. मात्र शाकाहारी घरात पुस्तकाचा बराच भाग केवळ वाचण्यापुरता उरेल, आणि ज्याला शहराचा भूतकाळ हवा आहे त्याची भूक एवढ्याने भागणार नाही.

खरी निवड उरते ती दोन पुस्तकांत. अमीन मालूफ यांची 'समरकंद' ही १९८८ ची फ्रेंच कादंबरी, आणि एडवर्ड शेफर यांचा 'द गोल्डन पीचेस ऑफ समरकंद' हा कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ. मालूफ इंग्रजी अनुवादात सहज मिळतात आणि शेफर यांचा ग्रंथही पुन्हा छापला गेला आहे.

मालूफ यांची कादंबरी मी अत्यंत आवडीने वाचली, हे आधीच सांगतो. तरुण खय्याम समरकंदात येतो, जमावाच्या तावडीत सापडतो, त्याला काझी अबू ताहिरसमोर उभे केले जाते, आणि काझी त्याला शिक्षा देण्याऐवजी कोऱ्या पानांची एक वही देतो: मनात येईल ते इथे लिही, चारचौघांत बोलू नकोस. हा प्रसंग विसरता येणार नाही इतका सुंदर रचला आहे. माधव जूलियन यांनी मूळ फारसीवरून १९२९ मध्ये मराठीत आणलेल्या रुबाया ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना तर त्या वहीत पुढे काय उतरणार आहे याची चाहूल लागते आणि वाचनाचा आनंद दुणावतो. सेल्जुक सुलतानांचा वजीर निझाम-उल-मुल्क, इस्माइली पंथाचा नेता हसन सब्बाह आणि त्याच्या अलमूत किल्ल्यापर्यंतचा पूर्वार्ध एका दमात वाचून होतो. उत्तरार्धात कथा इराणच्या घटनात्मक क्रांतीत शिरते आणि शेवटी ते हस्तलिखित टायटॅनिक जहाजाबरोबर समुद्रात जाते.

मला जे खटकले ते याच ठिकाणी. कादंबरीत खरे कोणते आणि रचलेले कोणते हे ओळखण्याचे कोणतेही साधन लेखकाने वाचकाच्या हाती दिलेले नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच शांत, विश्वासू आवाजात सांगितल्या आहेत. अबू ताहिर ही खरी व्यक्ती आहे. समरकंदात त्याच्याच आश्रयाने खय्यामने घन समीकरणे शंकुच्छेदांच्या मदतीने सोडवणारा आपला बीजगणिताचा ग्रंथ लिहिला. कोरी वही मात्र मालूफ यांची कल्पना. तब्रीझमध्ये क्रांतिकारकांच्या बाजूने लढताना मारला गेलेला तरुण अमेरिकन शिक्षक बास्करव्हिल हे पात्र इतके कादंबरीला साजेसे आहे की ते रचलेलेच असावे असे कोणालाही वाटेल, पण हॉवर्ड बास्करव्हिल खरोखर होता आणि एप्रिल १९०९ मध्ये तिथेच मरण पावला. त्याच पानांत वावरणारी राजकन्या शिरीन मात्र काल्पनिक आहे. टायटॅनिकचे तर दोन्ही बाजूंनी आहे. १९१२ मध्ये त्या जहाजाबरोबर खय्यामचे एक पुस्तक खरेच बुडाले, परंतु ते फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अनुवादाची, लंडनच्या सँगोर्स्की आणि सटक्लिफ या बांधणीकारांनी हजाराहून अधिक रत्ने जडवून सजवलेली प्रत होती. खय्यामच्या हातचे हस्तलिखित त्या जहाजावर नव्हते.

कादंबरीकाराला तळटिपांची सक्ती नसते हे मला मान्य आहे, आणि ज्यांना वाचताना असे प्रश्न पडत नाहीत त्यांना ही तक्रार क्षुल्लक वाटेल. माझा अनुभव असा की, पुस्तक मिटल्यावर मला समरकंदाविषयी नेमके काय कळले हे सांगता येईना. प्रत्येक आवडलेल्या प्रसंगाजवळ थांबून तो इतरत्र पडताळून पाहावा लागला, आणि पडताळणीत जो प्रसंग गळून पडला त्याच्याविषयी उगीचच हुरहुर लागली. शिवाय शहर स्वतः पूर्वार्धातच मागे पडते. त्यानंतर समरकंद म्हणजे त्या हस्तलिखिताचे नाव, इतकाच अर्थ उरतो. ज्याच्या ओढीने पुस्तक हाती घेतले ते शहर नसणे एक वेळ चालेल, पण वास्तव कुठे संपले आणि कल्पना कुठे सुरू झाली हेही कळू नये, हे मला जड गेले.

शेफर यांच्या ग्रंथातही समरकंद फार नाही. किंबहुना मालूफ यांच्याहूनही कमी असेल. हा ग्रंथ चीनविषयी आहे. सातव्या शतकात समरकंदाच्या राज्याने थांग दरबाराला हंसाच्या अंड्याएवढी, सोन्याच्या रंगाची पीच नजराणा म्हणून पाठवली आणि त्या झाडांची लागवड बादशाही बागेत झाली. ती फळे चवीला कशी होती हे आता कोणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच दूरदेशीच्या वस्तूंविषयी चिनी माणसाला जी ओढ वाटत असे तिचे प्रतीक म्हणून आपण हे नाव घेतले, असे शेफर प्रस्तावनेतच सांगून टाकतात. नाव का घेतले, त्यातले किती ठाऊक आहे आणि किती नाही, हे पहिल्या काही पानांत उघड झाल्यामुळे पुढे वाचक निर्धास्त होतो. माझ्यासाठी पारडे झुकले ते इथे.

पुढची प्रकरणे माणसे, पाळीव आणि रानटी प्राणी, पक्षी, पिसे, वनस्पती, लाकूड, अन्न, सुगंधी द्रव्ये, औषधे, वस्त्रे, रंग, रत्ने, धातू, पूजेच्या वस्तू आणि ग्रंथ अशा क्रमाने जातात. यादी रुक्ष वाटते, पण तिच्या आत शिरले की समरकंद अनपेक्षित ठिकाणी भेटते. इ.स. ६३५ मध्ये तिथून दरबारात सिंह आला तेव्हा सम्राट थायत्सुंगने यू शिनान या आपल्या दरबारी कवीला त्यावर काव्य रचायला सांगितले. समरकंद आणि आसपासच्या राज्यांतून गिरक्या घेत नाचणाऱ्या मुली पाठवल्या जात, आणि त्यांच्या किरमिजी झग्यांपासून तांबड्या हरणकातडी बुटांपर्यंतचे वर्णन शेफर करतात. आपल्याही ओळखीच्या वस्तू वाटेत भेटत राहतात. चंदन आहे, आणि उसाच्या रसापासून साखर करण्याची पद्धत शिकून घेण्यासाठी सम्राटाने मगधाला माणसे पाठवली तो वृत्तान्तही आहे. प्रत्येक विधानामागे मागच्या टिपांत चिनी ग्रंथाचा दाखला असतो. मी त्यांतले फार थोडे स्वतः तपासू शकतो, कारण मला चिनी येत नाही, तरीही दाखला असणे आणि नसणे यांत वाचणाऱ्याच्या मनःस्थितीला मोठा फरक पडतो.

एक गोष्ट मात्र शेफर यांना लिहिताना ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांचा ग्रंथ निघाल्यावर दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, समरकंदालगतच्या अफ्रासियाब टेकडीवर रस्त्याचे काम चालू असताना सातव्या शतकातल्या एका दालनाची भित्तिचित्रे सापडली. समरकंदाच्या वरखुमान राजाच्या काळातल्या त्या भिंतीवर निरनिराळ्या देशांचे वकील आहेत आणि त्यांत चिनी वकील रेशीम घेऊन आलेले दिसतात. शेफर यांनी समरकंदाहून चीनला गेलेल्या नजराण्यांची बाजू लिहिली. चीनहून समरकंदाला आलेल्या नजराण्यांची बाजू त्या शहराने स्वतःच्या भिंतीवर रंगवून ठेवली होती. ग्रंथ वाचून झाल्यावर त्या चित्रांची छायाचित्रे मुद्दाम पाहावीत, कारण दोन्ही मिळून जो काळ उभा राहतो तो मला इतर कुठल्याही पुस्तकात मिळाला नाही.

शेफर यांचा त्रास लपवण्यात अर्थ नाही. चिनी नावांची वर्णरचना जुन्या पद्धतीची आहे, त्यामुळे शहरे आणि सम्राट आजच्या नकाशांत व संदर्भग्रंथांत शोधताना दर वेळी रूपांतर करावे लागते. काही प्रकरणे, विशेषतः खनिजांची, सलग वाचण्याऐवजी अधूनमधून चाळण्याजोगी आहेत. रात्री झोपण्यापूर्वी कथेत रमायचे असेल तर मालूफ यांनाच घ्यावे, आणि ते घेणाऱ्याला मी चुकीचे म्हणणार नाही.

ज्याला प्रत्यक्ष शहर हवे आहे त्याने या दोहोंच्या जोडीला रुई गोन्सालेस दे क्लाव्हिहो वाचावा, ज्याच्या वृत्तान्ताच्या मूळ शीर्षकात तैमूरचे नाव आहे, समरकंदाचे नाही. कॅस्टिलच्या राजाचा हा वकील १४०४ च्या सप्टेंबरात तिथे पोचला. तैमूरच्या बागांतल्या मेजवान्या, हिंदुस्थानातून नेलेले हत्ती, कमान ठेंगणी वाटली म्हणून पाडून पुन्हा उभारायला लावलेली मशीद, बाजाराचा नवा रस्ता करण्यासाठी रात्रंदिवस राबवलेले मजूर, हे सारे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिले आहे. त्याच काळातला अरब इतिहासकार इब्न अरबशाह सांगतो की तैमूरने समरकंदाभोवती वसवलेल्या गावांना दमास्कस, बगदाद, शिराझ अशी नावे दिली होती. ज्या शहराचे नाव आज इतरांची पुस्तके उसने घेतात, त्याच्या राजाने एके काळी इतर शहरांची नावे आपल्या खेड्यांना दिली होती. क्लाव्हिहोचा क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी केलेला १८५९ चा इंग्रजी अनुवाद जुना झाल्यामुळे फुकट वाचता येतो, तेव्हा खर्च एकाच पुस्तकाचा करायचा असेल तर तो शेफर यांच्यावर करावा असे मला वाटते. प्रस्तावना आणि माणसांविषयीचे प्रकरण आधी वाचावे, मग थेट अन्न आणि सुगंधी द्रव्यांकडे जावे, आणि खनिजे सवडीने घ्यावीत.