मोमिजी बोन्साय: कोंब खुडायचा की पानं कापायची?

जपानी मेपलच्या, म्हणजे मोमिजीच्या फांद्या बारीक आणि दाट व्हाव्यात यासाठी जपानात दोन रीती रूढ आहेत. मेत्सुमी म्हणजे कोंब खुडणं, हागारी म्हणजे पानं कापणं.

मेत्सुमीला वेळ साधावी लागते. वसंतात कळी फुटते, पानांची पहिली जोडी अजून चिमुकल्या मुठीसारखी मिटलेली असते आणि त्या दोन पानांच्या मधून सुईच्या टोकाएवढा कोवळा कोंब डोकावतो. तो चिमट्याने अलगद काढायचा. २-४ दिवस उशीर झाला तरी पेर लांबतं, फांदीची नजाकत जाते. सगळ्या कळ्या एकदम फुटत नाहीत, म्हणून रोज सकाळी झाडापाशी बसावंच लागतं. मला ते बसणं फार प्रिय आहे.

हागारी जूनच्या सुमारास, पानं पक्व झाल्यावर. देठ ठेवून पान कात्रीने कापायचं; देठ पुढे आपोआप गळतो आणि काही आठवड्यांत लहान, ताजी पानं येतात. आतल्या फांद्यांनाही ऊन मिळतं. पण झाडाचं अन्न पानांतच तयार होतं, त्यामुळे हा ताण मोठा. अशक्त किंवा त्याच वर्षी कुंडी बदललेल्या झाडावर हागारी करूच नये.

माझा कौल मेत्सुमीला. पानं फारच मोठी वाटली, तर प्रत्येक जोडीतलं एकच कापावं. आणि खोड अजून जाड व्हायचं असेल, तर दोन्ही नकोत. झाड मोकळं वाढू द्यावं.