इंदूरहून जंगलात : कान्हा की मढई?

गाडी एकच. इंदूरहून रात्रीची जबलपूरची गाडी पकडायची; पिपरियाला उतरलात तर तासाभरात मढई, म्हणजे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं दार. जबलपूरपर्यंत गेलात तर तिथून टॅक्सीने तीन-चार तासांत कान्हा. दोन्हीकडे मी अनेकदा गेलो आहे. वाघ-बिबटेही बघायचे आहेत आणि पक्षीही, अशांसाठी हे लिहितो. नुसता वाघच हवा असेल तर फार विचार करू नका, कान्ह्याला जा.

कान्ह्याचं मोठेपण निर्विवाद आहे. सालाचं उंच जंगल, त्यातून अचानक उघडणारी गवताची मैदानं आणि त्यात उभे बारासिंगे. 1970च्या सुमारास हा कठीण जमिनीवरचा बारासिंगा इथे 66 वर आला होता. तो इथेच सावरला, आणि पुढे इथूनच काही सातपुड्यात नेऊन सोडले गेले. डिसेंबरच्या पहाटे गवतावर दव गोठलेलं असतं, लाल रानकोंबडे रस्त्याकडेला चरत असतात. वाघ दिसण्याची शक्यताही माझ्या अनुभवात इथेच जास्त.

मग अडतं कुठे? जिप्सीत. सहा जणांची गाडी, त्यातले चार अनोळखी. साठ-सत्तर पावलांवर सालाच्या फांदीवर भृंगराज पक्षी बसलेला, शेपटीच्या दोन लांब तारा वाऱ्यावर हलताहेत, मी दुर्बीण डोळ्यांना लावतो न लावतो तोच लांबून चितळ ओरडतं, म्हणजे वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा. गाइड उठून उभा राहतो, "कॉल हो रही है", आणि गाडी सुटते. त्या वळणावर आधीच सात-आठ गाड्या उभ्या. अर्धा तास सगळे एका झुडपाकडे बघतात. यात मी गाइडला किंवा ड्रायव्हरला बोल लावणार नाही. पाहुणे वाघासाठी पैसे मोजून आलेले असतात, संध्याकाळी पहिला प्रश्नही तोच विचारतात. पण पक्षी बघायचा म्हणजे थांबावं लागतं, आणि भरलेल्या जिप्सीत थांबणं आपल्या हातात नसतं. पूर्ण गाडी स्वतःच घेतली की हा त्रास बराच कमी होतो, खर्च मात्र त्याच मानाने वाढतो. खाली उतरण्याचा तर प्रश्नच नाही.

मढईला सुरुवातच होडीने होते. देनवा नदी ओलांडायची, पलीकडे जिप्सी उभी असते. हा तवा धरणाचा फुगवटा आहे, त्यामुळे हिवाळ्यात पाण्यावर पट्टकादंब, चक्रवाक आणि काठावर नदी सुरय असतात. सिरपूर तलावावर जाणाऱ्या इंदूरकरांना यातले काही ओळखीचे वाटतील. इथे मात्र मागे डोंगर असतो आणि वाहनांचा आवाज नसतो. गाड्या कमी, त्यामुळे धनेशाची जोडी दिसली की "जरा थांबा" म्हटलं तर गाइड खरोखर थांबतो. शेकरू फांदीवरून फांदीवर जाताना पुरतं बघून होतं. आणि इथे गाइडबरोबर पायी जंगलात जाता येतं, होडीतूनही फिरता येतं. माझ्या मते या दोन गोष्टींसाठीच इथे यावं. चालताना अस्वलाने उकरलेलं वारूळ बघायला वाकता येतं, बिबट्याचा माग बघून तो कुठून कुठे गेला हे गाइडकडून समजून घेता येतं. आपण जंगलात आहोत हे चालतानाच कळतं, निदान मला तरी.

वाघाबद्दल खरं सांगतो : मढईत मला तो क्वचित दिसला. बिबट्या आणि अस्वल मात्र इथे कान्ह्यापेक्षा निवांत बघायला मिळाले. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

घरात लहान मुलं असतील, पहिलीच वेळ असेल, आजी-आजोबांना वाघ दाखवायचाच असेल, तर कान्हा निवडा आणि किमान तीन फेऱ्यांचं बुकिंग करा; एका फेरीवर भिस्त ठेवू नका. एक-दोन जंगलं पाहून झाली असतील आणि पिशवीत दुर्बीण असेल, तर मढईला जा. पट्टकादंबांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी धरा, बिबट्या-अस्वलासाठी मार्च-एप्रिल. दोन्हीकडे जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा (कोअर) बंद असतो, आणि बुधवारी दुपारची फेरी नसते. म्हणून बुधवार प्रवासात घालवा. पायी फेरीचं आधी विचारून ठेवा, ती आयत्या वेळी मिळेलच असं नाही. आणि मढईला पहिली सकाळ जिप्सीऐवजी होडीला द्या.