एक्सओ लॅपटॉप: प्रत्येक मुलाच्या हाती एक

‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप हे लहान मुलांना खरोखर डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले यंत्र आहे, असे माझे ठाम मत आहे. सशाच्या कानांसारखे अँटेना उघडले की वाय-फायचे संकेत अधिक चांगले मिळतात, आणि मिटले की तेच कान बाजूची छिद्रे झाकून धूळ आत जाऊ देत नाहीत. साडेसात इंची पडदा भर उन्हातही वाचता येतो, त्यामुळे अंगणात किंवा झाडाखाली वर्ग भरवायला काहीच अडचण येत नाही. रबरी कीबोर्ड मुलांच्या बोटांच्या मापाचा असल्याने मोठ्यांना मात्र त्यावर टंकलेखन करणे जिकिरीचे होते. पहिल्या मॉडेलमधील एक जीबी साठवण आणि २५६ एमबी मेमरी यांमुळे वेगाची अपेक्षा ठेवू नये.

कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये हे लॅपटॉप आले. जिथे एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो, तिथे उरलेल्या मुलांच्या हाती असे साधन असणे मला फार मोलाचे वाटते.

तरीही केवळ यंत्रे वाटून भागत नाही. पेरू देशातील, हेच लॅपटॉप मिळालेल्या ग्रामीण शाळांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांत सुधारणा आढळली नाही. म्हणून शिक्षकांचे प्रशिक्षण, दुरुस्तीची सोय आणि मातृभाषेतील पाठ यांची तरतूद असेल, तरच शाळांनी अशी योजना स्वीकारावी.