दशा जाळून दाखवल्या आणि साडी सिल्कची ठरली

मंगल कार्यालयाचा हॉल दहा दिवस भाड्याने घेतलेला, दारावर ‘थेट विणकरांकडून’ असा फलक, आत गाद्यांवर साड्यांचे ढीग. लग्नसराईत असे सेल गावोगाव लागतात. त्यातले काही खरोखर विणकरांचे असतात, हेही सांगायला हवं. एका घरची अशाच एका सेलमधली खरेदी अशी होती: एक ‘प्युअर सॅटिन सिल्क’, एक ‘साठ काउंटची लिनन’ आणि एक ‘हातमागाची पैठणी’. तीन साड्यांचे मिळून साडेसोळा हजार. तिन्ही साड्यांत खोट निघाली, आणि प्रत्येकीत वेगळ्या जागी.

सॅटिनपासून सुरू करू, कारण सगळ्यात सफाईदार हातचलाखी तिथेच झाली. गिऱ्हाईक घुटमळतंय म्हटल्यावर विक्रेता म्हणाला, “ताई, जाळून दाखवू का?” पदराच्या टोकाची एक दशी तोडून त्याने लायटर धरला. केस जळल्यासारखा वास आला, काळा गोळा बोटाने चुरला की भुकटी झाली. रेशीम असंच जळतं. दाखवलं ते खोटं नव्हतंच.

पण दशा म्हणजे काय? मागावर लांबीत ताणलेले जे उभे धागे असतात, तो ताणा; त्यांतून धोट्याने आडवा जातो, तो बाणा. पदराच्या दशा म्हणजे ताण्याची सुटलेली टोकं. बाण्याचा एकही धागा तिथे नसतो. म्हणजे दशी जाळून अर्ध्याच साडीची परीक्षा होते. या साडीचा ताणा रेशमी होता आणि बाणा पॉलिस्टरचा. सॅटिन विणीत ही लबाडी फार छान लपते. पाच धाग्यांच्या सॅटिनमध्ये ताण्याचा धागा चार बाण्यांवरून जातो आणि एकाखालून, त्यामुळे सुलट बाजूला जवळजवळ ताणाच दिसतो. हात फिरवला तरी बोटांना रेशीमच लागतं.

मुळात सॅटिन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. सुती सॅटिनच्या चादरी असतात, पॉलिस्टर सॅटिनची अस्तरं असतात. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप, ऑर्गान्झा, मखमल ही नावंही तशीच: कापड कसं विणलंय, कसं पडतं ते सांगतात, कशाचं आहे ते सांगत नाहीत. धाग्याची नावं वेगळी: सूत, रेशीम, लोकर, लिनन, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा), पॉलिस्टर, नायलॉन. आणि ‘आर्ट सिल्क’मधल्या आर्टचा कलेशी काही संबंध नाही, ते आर्टिफिशियलचं लघुरूप आहे. ‘सिल्क टच’, ‘लिनन फील’, ‘कॉटन फिनिश’ हे शब्द तर स्वतःच कबुली देतात, फक्त आपण ते ऐकत नाही.

साडी अंगठीतून काढून दाखवतात, तेही मनावर घेऊ नका. बारीक पॉलिस्टरही अंगठीतून सुळकन निघतं.

जाळून बघायचंच तर ब्लाऊजपीसच्या कापलेल्या कडेचे धागे घ्या. दोन-तीन उभे, दोन-तीन आडवे, वेगवेगळे पीळ करून चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा. पॉलिस्टर आक्रसून वितळतं, काळा धूर येतो आणि थंड झाल्यावर मणी इतका टणक होतो की नखाने फुटत नाही. सूत, लिनन आणि व्हिस्कोस तिन्ही कागदासारखे जळतात, राख मऊ करडी. म्हणून ही तीन एकमेकांपासून ओळखायला विस्तव उपयोगी नाही.

तिथे पाणी लागतं. धाग्याचा मधला भाग जिभेने ओला करून दोन्ही टोकांनी ओढा. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते आणि धागा नेमका ओल्या जागी तुटतो. सूत आणि लिनन ओले झाल्यावर उलट बळकट होतात.

दुसऱ्या साडीचं बिंग इस्त्रीने फुटलं. लिननला कडक इस्त्री लागते म्हणून तापमान शेवटच्या आकड्यावर ठेवलं आणि निऱ्यांवर चकाकीचे डाग उठले, कापड जागच्या जागी आक्रसलं. धागे तपासले तर ताणा पॉलिस्टर, बाणा व्हिस्कोस. गाठीगाठींचा पोत होता, पण तो लिननचा पुरावा नव्हे. तसा गाठाळ धागा आता कशाचाही निघतो. ‘साठ काउंट’ हाही गोलमाल शब्द. काउंट म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचं माप, आकडा मोठा तितका धागा बारीक. लिननची जाडी ‘ली’मध्ये मोजतात: १ पौंड धाग्यात ३०० यार्डांच्या किती लडी भरतात ते. कापसाच्या काउंटची लडी ८४० यार्डांची. म्हणून ६० लीचं लिनन जेमतेम २१ काउंटच्या सुताइतकं बारीक. साठ म्हणजे तलम, असं सांगणाऱ्याला “ली की काउंट?” एवढंच विचारा. व्यापारी आपापसांत बोलतात ते शब्द वापरलेत तर आणखी बरं: ‘लिनन बाय लिनन’, ‘सिल्क बाय कॉटन’. बायच्या आधीचा ताणा, नंतरचा बाणा. चंदेरीत रेशमी ताणा आणि सुती बाणा असतो आणि त्यात लपवाछपवी काही नाही, कारण तसं सांगूनच विकतात.

पैठणीला फार शब्द नकोत. पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाची वेगळी कांडी फिरते, धागे एकमेकांत अडकवत नक्षी भरतात, म्हणून मोर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. या साडीच्या मागे लोंबत्या धाग्यांची दाढी होती आणि त्यावर जाळीचं अस्तर टाचलेलं. ‘सेमी पैठणी’, म्हणजे यंत्रमागावरची नक्कल, म्हणून दीड-दोन हजारांना घेतली असती तर तक्रारीचं कारण नव्हतं.

लेबलांबद्दल एक घोळ नेहमी होतो. सिल्क मार्क धागा अस्सल रेशमाचा असल्याचं सांगतो, कापड हातमागाचं असल्याचं नाही. हँडलूम मार्क हातमागाचं सांगतो, रेशमाचं नाही. अस्सल रेशमी पैठणी म्हणून दाम मोजताना दोन्ही विचारायची.

आता बिल. त्यावर ‘फॅन्सी साडी, ३ नग’ एवढंच. पण शेजारच्या बारीक रकान्यात एचएसएन, म्हणजे करासाठी मालाची वर्गवारी सांगणारा क्रमांक होता: ५४०७. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे वाचता आले की झालं: ५० रेशीम, ५२ सूत, ५३ मध्ये लिनन, ५४ आणि ५५ मानवनिर्मित धागे. करखात्याला खरं सांगितलं होतं, गिऱ्हाइकाला नाही. किरकोळ बिलावर हा क्रमांक सगळ्याच दुकानदारांना सक्तीचा नसतो, पण पैसे देण्याआधी “बिलावर प्युअर सिल्क लिहा, एचएसएन टाका” म्हटलं की विक्रेत्याचा चेहरा बरंच काही सांगतो.

फसगत झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. धाग्याचा अहवाल केंद्र सरकारच्या वस्त्र समितीच्या (टेक्स्टाइल्स कमिटीच्या) प्रयोगशाळेतून मिळतो. त्यासाठी कापड लागतं, म्हणून ब्लाऊज शिवायला टाकताना टेलरला बजावून ठेवा की बेतल्यावर उरलेल्या चिंध्या फेकायच्या नाहीत, बिलासोबत पिशवीत भरून परत द्यायच्या.